बंगल्याभोवतीच्या फेऱ्या

साहेबांचा कारकून म्हणून मी मानोऱ्याजवळच्या डाकबंगल्यावर जायचो. तिथल्या म्हाताऱ्या खानसाम्याचं नाव मी कधी विचारलं नाही. जेवणाआधी साहेबांना रानातल्या शतावरीचे कोवळे कोंब आणि त्यावर मऊ उकडलेलं अंडं लागे. अंडं उकळत्या पाण्यात सोडून खानसामा बंगल्याला पाच फेऱ्या मारी, की अंडं झालं.

एकदा ते घट्ट निघालं. साहेबांनी बशी परत पाठवली.

"अंडं तेच, बंगला तोच, बाबू," गुडघे चोळत तो मला म्हणाला, "पायच म्हातारे होऊन राह्यले."

मग त्याने दुसरं अंडं सोडलं आणि चारच फेऱ्या मारल्या.

पुढच्या वर्षी अंडं तसंच मऊ होतं, पण फेऱ्या दोनच. माझ्या खिशात घड्याळ होतं. ते बाहेर काढायची माझी हिंमत झाली नाही.