पाठीतली गाठ आणि डावा कौल

देवावर माझा विश्वास आहे, पण प्रत्येक गोष्टीत त्याला विचारत बसायची सवय नाही. लालबागचं घर, सासूबाई आणि माझे शिवणाचे वर्ग यांतून तेवढी सवडच मिळत नाही. उजवा पाय बधिर पडायला लागला तेव्हा मी आधी शिवणयंत्रालाच दोष दिला. एमआरआय केल्यावर कळलं, पाठीच्या कण्यात, कमरेजवळच्या नसेवर गाठ आहे. परळच्या डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. "गाठ साधी दिसते, पण नस दाबतेय. बोटभर छेदातून दुर्बिणीने काढू. थांबलात तर पाय जाईल."

मी लगेच हो म्हटलं. सासूबाई नाही म्हणाल्या. गावच्या देवाचा कौल घेतल्याशिवाय त्यांच्या घरात कुणाच्या अंगाला सुरी लागलेली नाही. मालवणकडच्या आमच्या गावी माझ्या दिरांनी गुरवाकरवी देवाच्या मूर्तीला दोन्ही बाजूंनी फुलाच्या पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. डावी पडली. "विषय संपलो," म्हणून सासूबाईंनी दिरांचा फोन ठेवला. ऑपरेशन चार दिवसांवर होतं. त्यांना डावलून मी जाऊ शकले असते, पण मला काही झालं असतं तर त्यांनी जन्मभर स्वतःलाच बोल लावला असता. आणि खरं सांगायचं तर त्या डाव्या पाकळीने मलाही हलवलं होतं. दुसऱ्या दिवशी मी तारीख रद्द करायला हॉस्पिटलात गेले.

रांगेत माझ्यापुढे एक म्हातारा उभा होता, बायकोचे रिपोर्ट घेऊन आलेला. बोलता बोलता कळलं, तो कुडाळकडचा, आणि जातीने, कामाने गुरव. मी त्याला सगळं सांगितलं.

"देवाक नेमका काय इचारलास?"

"दिरांनी विचारलं. ऑपरेशन करायचं, की गावठी औषधाने बरी होईल?"

म्हातारा हसला. "अगे बाय माझे, एका कौलात दोन प्रश्न! देव खंयच्याक नाय म्हणालो, ता तुज्या दिराक तरी कळला काय? एकच इचार. आणि सवता इचार, पाठ तुजी आसा."

मी रांग सोडली आणि गावच्या गुरवांना फोन लावला. त्यांनी फोन गाभाऱ्याशी धरला. मी म्हटलं, "डॉक्टरांच्या हाती पाठ देऊ का?" त्यांनी पाकळ्या लावल्या आणि माझा प्रश्न देवाला मोठ्याने सांगितला. मग गुरव म्हणाले, "उजवी."

सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी देवाला हात जोडले. "मगे जा. पण थंय डॉक्टराक शिकवूक जाव नको."

नाही शिकवलं. भूल चढताना मी देवाकडे काही मागितलं नाही, कुणाला सूचनाही दिल्या नाहीत. विचारून झालं होतं, उत्तर मिळालं होतं. आता माझं काम गप्प पडून राहायचं होतं, आणि ते मला आयुष्यात पहिल्यांदा जमलं. गाठ पूर्ण निघाली, तपासणीतही साधीच ठरली. त्या म्हाताऱ्याला मी देव म्हणणार नाही. तो बायकोसाठी रांगेत उभा असलेला माणूस होता. त्याचं नावही मी विचारलं नाही, याची मात्र मला अजून लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी नर्सने उजव्या पायाचा अंगठा उचलायला सांगितला. उचलला. मग आधार न घेता मी व्हरांड्याच्या टोकापर्यंत चालत गेले आणि परत आले. दारात उभ्या सासूबाई शेजारच्या पेशंटच्या आईला सांगत होत्या, "माझी सून ती. देवाक सवता विचारल्यान."