दगडी डोणीतला पिंपळ

"घाई कोणाला हाय?" असं म्हणत ते सायकलच्या कॅरियरवरची ट्यूब सोडायला लागायचे. ट्यूबखाली ओलं पोतं आणि पोत्यात गुंडाळलेलं वीतभर झाड. आजही कुणाच्या कॅरियरला जुनी ट्यूब बांधलेली दिसली की मी नजर दुसरीकडे वळवतो. या माणसाबद्दल लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. इतर पुष्कळांवर लिहिलं, लोकांनी कौतुकही केलं. आता वय झालं, टाळायला पुढे जागा उरली नाही, म्हणून लिहितो.

त्यांचं नाव सांगत नाही. आमच्या परभणीत आडनाव सांगितलं की या माणसाला घरात कुठवर येऊ द्यायचं हे ऐकणारा मनात ठरवून टाकतो. ते पाटबंधारे खात्यात कारकून होते, म्हणून आम्ही त्यांना भाऊसाहेब म्हणायचो. मी शाळेत शिक्षक, ते मला मास्तर म्हणत. विद्यापीठाचं नाव बदलावं की नाही यावरून अख्खा मराठवाडा दुभंगला होता त्या दिवसांतली ही गोष्ट. आणि आम्ही काही हौशी मंडळी रविवारी जमून झाडं बुटकी करत बसायचो.

बोन्साय मंडळ म्हणायचो आम्ही त्याला. महिन्यातून एकदा एका सभासदाच्या घरी बैठक. त्याची झाडं बघायची, कुठली फांदी उडवायची, कुठे तार वळवायची यावर वाद घालायचा, मग चिवडा आणि चहा. भाऊसाहेब दलित होते, आम्ही बाकीचे नव्हतो. मंडळात हा विषय कधी निघाला नाही. तो निघूच नये अशी व्यवस्था मी ठेवली होती. चिटणीस मीच. भाऊसाहेबांची पाळी आली की मी म्हणायचो, "या खेपेला डॉक्टरांकडे घेऊ. त्यांची गच्ची मोठी आहे."

"घ्या की. घाई कोणाला हाय?"

आणि त्या रविवारी ते गच्चीवर झाड घेऊन हजर. एकदा चौकात पोलिसानं अडवलं. पोत्यात काय आहे म्हणून विचारलं, तर म्हणाले, "लेकरू हाय साहेब. घरी लय रडायलंय, जरा फिरवून आणतो." पोत्यातून चिंचेचा शेंडा निघाला तेव्हा पोलीसही हसला.

फार गरीब स्वभावाचे होते असं मात्र समजू नका. दुसऱ्याच्या झाडाला कात्री लावताना ते मागंपुढं बघत नसत. डॉक्टरांनी लाडानं वाढवलेली एक फांदी त्यांनी बोलता बोलता उडवली. डॉक्टर ओरडले, तर म्हणाले, "तुमी लोकांचं पोट फाडताना रडता का?" पुढचे दोन महिने डॉक्टर त्यांच्याशी बोलले नाहीत. झाड मात्र सुधारलं.

आमच्या न्हाणीच्या भिंतीत पिंपळ उगवला होता. भिंत तडकत चाललेली, पण पिंपळाला हात लावायला बायको तयार नव्हती. पाप आपल्या हातानं नको, असं तिचं म्हणणं. शेवटी मी भाऊसाहेबांना बोलावलं. ते छिन्नी घेऊन आले आणि म्हणाले, "वहिनी, पाप बी मला द्या, झाड बी मला द्या." सकाळभर बसून एकेक मूळ त्यांनी विटेतून सोडवलं. तुमच्याकडेही याची पूजा करतात ना, असं मी काहीतरी विचारलं. "बुद्धाचं झाड हाय मास्तर," ते म्हणाले, "आमच्याकडं याचा मान लय मोठा."

बायकोनं चहा दिला तो फडताळातल्या कानतुटक्या कपातून. चहा पिऊन त्यांनी कप स्वतःच विसळला आणि न्हाणीच्या कट्ट्यावर पालथा घातला. मी समोरच उभा होतो. नुसता उभाच होतो.

पिंपळ ते घरी घेऊन गेले, आणि तेव्हापासून त्यांना मला चिडवायला नवीन विषय मिळाला. दर बैठकीत सगळ्यांसमोर म्हणायचे, "मास्तर, तुमची लेक माझ्या घरी नांदायलीय. माहेरचं एक माणूस बघाया आलं न्हाई." सगळे हसायचे. मीही हसायचो. "घेऊन या ना तिला इकडे," मी म्हणायचो, आणि पुढच्या खेपेला पिंपळ कॅरियरवर बसून यायचा.

एका रविवारी ते रिकाम्या कॅरियरनं आले.

"लेक कुठंय?" मंडळातल्या वकिलांनी विचारलं.

"आता ती येत न्हाई. दगडात बसवलीय."

गुरांना पाणी पाजायची एक जुनी दगडी डोणी त्यांनी एका खेड्यातून मिळवली होती. बोन्सायला ती खोल पडत होती, म्हणून पाथरवटाकडून तिच्या कडा उतरवून घेतल्या. बैलगाडीतून घरी आणली आणि चौघांच्या हातांनी अंगणात ठेवली. पिंपळ आता त्या डोणीत होता.

"सायकलवर मावत न्हाई, गच्चीवर चढत न्हाई," माझ्याकडे बघत ते म्हणाले. "आता तुमालाच यावं लागंल."

मग डॉक्टर म्हणाले, "ठरलं तर. पुढची बैठक भाऊसाहेबांकडे." सगळ्यांनी माना हलवल्या.

बैठकीच्या आदल्या दिवशी वकील माझ्याकडे आले. "मास्तर, तिकडे जायचं म्हणजे... वातावरण बरं नाही. घरी काय सांगणार?" मागोमाग डॉक्टरांचा निरोप आला, पेशंट आहेत म्हणून. मलाही तेच हवं होतं. गाव तंग आहे, बैठक रद्द, असं मी सगळ्यांना कळवलं. भाऊसाहेबांना कळवलं नाही. त्यांच्यासमोर उभं राहून हे बोलायची माझी छाती झाली नाही. ते आपोआप समजून घेतील असं मी स्वतःला सांगितलं.

रविवारी संध्याकाळी भाजीला निघालो. बाजार भरलेला, दुकानं उघडी, रस्त्यावर पोरं खेळत होती. त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी सायकल का हळू केली, ते मलाही ठाऊक नाही. अंगण सारवलेलं होतं. सतरंजी अंथरली होती, ट्रेमध्ये कप मांडले होते. मधोमध ती डोणी. भाऊसाहेब इस्त्रीच्या शर्टात पिंपळाची पानं ओल्या फडक्यानं पुसत होते.

त्यांनी मला पाहिलं. "या मास्तर, या! पयले आलाव."

मी म्हणालो, "आलोच. बाकीच्यांना घेऊन येतो."

"या, या. घाई कोणाला हाय? आमी हाव इथंच."

मी पायडल मारलं.

पुढच्या बैठकीला ते वेळेवर आले. मी म्हणालो, "भाऊसाहेब, त्या दिवशी गाव तंग होतं, म्हणून..."

"हो का?" ते म्हणाले. "मला तर भाजी मिळाली."

त्यानंतर बदली होईपर्यंत ते प्रत्येक बैठकीला आले. रिकाम्या कॅरियरनं. झाड आणलं नाही, पाळी मागितली नाही, लेकीचं नाव काढलं नाही. कुणी विचारलं तर तार वळवून द्यायचे, चिवडा खायचे आणि बैठक संपेपर्यंत बसून राहायचे. त्यांनी येणं सोडलं असतं तर आम्हाला सोपं गेलं असतं. ते त्यांनी आम्हाला मिळू दिलं नाही.

माझ्या निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी कळलं की त्यांनी जिंतूरला घर बांधलंय. एके दिवशी मी एसटीत बसलो. विचारत विचारत घर गाठलं. दार त्यांच्या मुलीनं उघडलं. भाऊसाहेबांना जाऊन वर्ष होत आलं होतं.

अंगणात डोणी होती. पिंपळाचं खोड मनगटाएवढं झालं होतं आणि एका मुळानं डोणीची कड तडकवली होती. मी परभणीचा मास्तर, एवढंच सांगितलं. तिचा चेहरा उजळला.

"म्हंजे झाडाच्या माहेरचे तुमी! बाबा म्हणायचे, येतील कधीतरी, घाई कोणाला हाय."

तिनं चहा दिला. पिऊन झाल्यावर मी कप घेऊन नळाकडे निघालो. तिनं तो हातातून काढून घेतला. "राहू द्या काका. आमच्याकडं पाहुण्याला कप विसळू देत न्हाईत."

एसटीत मी बोलायचं सगळं जुळवत गेलो होतो. ते तिला सांगायचं नव्हतं, आणि ज्यांना सांगायचं होतं ते नव्हते. परत येताना ते तसंच माझ्याबरोबर आलं. भाऊसाहेब, त्या रविवारी गाव तंग नव्हतं. तुम्ही मला हाक मारली होती, आणि तुमच्या अंगणात यायला मला कुणीही अडवलेलं नव्हतं. मला माफ करा.