लेम्पीवहिनीने होडी आवरली

माझी वहिनी लेम्पी रौतियो हिने एकतीस वर्षं गावच्या शाळेत पोरांना रांधून घातलं. तिचा नवरा, म्हणजे माझा थोरला भाऊ ओनी, गेल्यावर अडुसष्टाव्या वर्षी ती आमची शिडाची होडी चालवायला शिकली. जोडहोडी ती. दोन लांबट पोकळ अंगं आणि मध्ये ताणलेलं कापड. वहिनी इथे अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवरात निघाली की अख्खा किनारा बघत उभा राहायचा, आणि माझा जळफळाट व्हायचा. होडीत अर्धा वाटा माझा होता, पण मला कधी कुणी बघितलं नाही.

यंदा ऑक्टोबर सरताना मी म्हणालो, "वहिनी, विकून टाकू. हिवाळ्यासाठी होडी आवरायला चार गडी लागतात. वय बघा तुमचं."

"तुमचं मी काढलंय का कधी, रेनोभावजी?"

माझं डोकं फिरलं. "शनिवारपर्यंत एकटीनं आवरून दाखवा. खोट निघाली नाही तर माझा वाटा तुमचा. निघाली तर विकायची."

मला वाटलं, आता तरी गप्प बसेल. पण ती म्हणाली, "कागद करूनच आणा."

डोलकाठी उतरवणं हे जिवावरचं काम. आम्ही भाऊ शिव्या देत, धडपडत ती खांद्यावर घ्यायचो, आणि ओनीचा खांदा त्यातच कायमचा गेला. वहिनीने डोलकाठीच्या बुडाशी एक आखूड वासा बांधला, त्यावरून होडी वाहायच्या ट्रेलरच्या चक्रीची दोरी नेली आणि दांडा फिरवत काठी सावकाश खाली निजवली. मग मधलं कापड सोडवून काढलं. ते राहू दिलं तर त्यावर आमच्याकडे माणसाच्या उंचीचा बर्फ साचतो आणि सांगाडा वाकतो.

शनिवारी दुपारी खोट काढायचीच असं ठरवून मी गेलो. होडीच्या दोन्ही अंगांना मागे पाणी काढायचं भोक असतं. त्यांची बुचं वहिनीने काढून ठेवली होती.

"हे काय? उंदीर शिरतील की आत," म्हणत मी बुचं परत घट्ट बसवली. या किनाऱ्यावर सगळेच बसवतात. ओनी बसवायचा, आमचे बाबाही.

"म्हणूनच दर वसंतात तुम्ही दोघं डाव्या अंगाची भेग बुजवत बसायचात," वहिनी म्हणाली.

"ती खडकाला घासून पडायची."

"दरवर्षी त्याच जागी? पाणी आत राहतं, गोठतं, फुगतं आणि फाडतं. हे अंग उचलून बघा, जड लागतंय."

"तुमच्या मनाचे खेळ."

तिने बुचं काढली, होडीचं पुढचं टोक ओंडक्यांवर चढवलं आणि म्हणाली, "पाणी नाही निघालं तर विका."

थेंबही आला नाही. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? "सोमवारी गिऱ्हाईक आणतो," मी म्हणालो. वहिनीने भोकात तार घातली. ती बोटभर जाऊन अडली.

"तीन रात्री कडाक्याची थंडी पडलीय, तोंडाशीच गोठलंय," ती स्वतःशीच पुटपुटली आणि सौनाकडे, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराकडे, गेली. शनिवारच्या अंघोळीसाठी तिथली चूल पेटलेली होती. मोठ्या हंड्यातलं गरम पाणी बादलीने आणून तिने मागच्या टोकावर ओतलं. काही नाही. दुसरी बादली ओतली. तरी काही नाही. तिसरी आणताना ती धापा टाकत होती. मी हात पुढे केला, तर म्हणाली, "लांब."

तिसऱ्या बादलीला भोकातून बर्फाची गुळगुळीत कांडी सटकून पडली, आणि मागून धो धो पाणी. थांबायलाच तयार नाही. दोन बादल्या भरल्या आणि उरलेलं माझ्या बुटांवरून गेलं. वहिनी कमरेवर हात ठेवून हसत होती. मी हरलो होतो आणि मलाही हसू आवरेना. चाळीस वर्षं आम्ही दोघं बिचाऱ्या खडकांना शिव्या घालत होतो.

मग तिने भोकांवर बारीक जाळीचे तुकडे बसवले. उंदरांचाही प्रश्न मिटला.

"हे तुम्हाला कधीपासून माहीत होतं?" मी विचारलं.

"होडी आली त्याच्या तिसऱ्या वर्षापासून. ओनीला सांगितलं, तो म्हणाला रेनोला विचार. तुम्हाला सांगितलं, तर तुम्ही म्हणालात, बायकांनी होडीत नाक खुपसू नये."

असं मी म्हणालो असणार. नक्कीच म्हणालो असणार. मी कागद काढला आणि ट्रेलरवर ठेवून सही केली.

वहिनीने तो दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला. मी म्हणालो, "वसंतात मला एखाद्या फेरीला न्याल का?"

"बुचं कुणी लावायची?"

"तुम्ही."

"मग बघू," ती म्हणाली.