दोन नवश्या, एक पुष्पा

डहाणू रोड स्टेशनबाहेर रुपलचं टायपिंगचं दुकान आहे. तिने फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसचं हिंदी पत्र एकदा मनात वाचलं, समोरच्या स्टुलावर बसलेल्या लहान्या वरठाकडे बघितलं, आणि पुन्हा पत्रात डोकं घातलं.

"काका, तुमची पहिली बायको कोण?"

"नवशी."

"आणि आताची?"

"नवशीच. ती काय बदलतं का कोण?"

"हे लोक विचारतात, पहिलीचं नाव कळवा. आणि ती वारली की सोडली, त्याचा दाखला जोडा."

लहान्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. सतरा वर्षं फौजेत काढलेला माणूस. रागावला की त्याचा आवाज चढायचा नाही, उलट खाली जायचा. "सकाळी भाकऱ्या थापत होती, तशी सोडून आलो," तो म्हणाला. "लिही तसं."

रुपल हसली नाही. हे दुसरं पत्र होतं, आणि दोन हजार सतराचा पावसाळाही आता सरत आला होता.

काम म्हटलं तर एका ओळीचं. लहान्याच्या डिस्चार्ज बुकात कुटुंबाच्या पानावर दोनच नावं होती: पत्नी नवशी, मुलगा सुनिल. थोरली पुष्पा नव्हतीच. तलासरीकडच्या उधव्याला दिलेली पोर; नवरा ताडावरून पडून गेला तशी सायवनला बापाच्या घरी परत आली. आल्यावर कळलं की तिच्या हृदयाची झडप आकसलीय, ऑपरेशनशिवाय इलाज नाही. माजी सैनिकाच्या विधवा मुलीला बापाच्या नावावर मोफत उपचाराचं कार्ड मिळतं, मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन होतं. फक्त ती त्याची मुलगी आहे हे त्या पानावर दिसलं पाहिजे.

दिसत का नव्हतं, त्याला कारण होतं. सायवनकडच्या पाड्यांत आधी घर मांडतात. लग्न मागाहून, खर्च जमेल तेव्हा. लहान्या-नवशीचंही तसंच झालं. पुष्पा ऐंशी सालची, लग्न शहाऐंशीच्या एप्रिलमधलं, लहान्याच्या लांबलचक सुट्टीतलं. पुतळी धवलेरीने गाणी गाऊन लग्न लावलं. सहा वर्षांच्या पुष्पाने भिंतीवर काढलेल्या लग्नचौकाच्या ओल्या पांढऱ्या रंगात हात बुडवला आणि आईच्या लग्नात आईच्याच हातचा मार खाल्ला. पाड्यात कुणाला त्याचं नवल नव्हतं. नवल वाटलं ते पलटणीतल्या क्लर्कला.

"शादी पिछले महीने, और बेटी छह साल की?" तो म्हणाला होता. "वरठा, मुझे पागल समझता है?"

"साब, हमारे में ऐसाच होता है."

"तुम्हारे में होता होगा, फॉर्म में नहीं होता. लड़की को बाद में जोड़ देंगे."

ते 'बाद में' एकतीस वर्षं उलटली तरी आलं नव्हतं. पहिल्या अर्जाला उत्तर आलं: मुलीचा जन्म विवाहापूर्वीचा, खुलासा करावा. लहान्याने केला, खराखुरा, रुपलकडून टाईप करून: लग्न उशिरा झालं. त्यावरून तिकडच्या कुणीतरी अर्थ काढला की उशिराचं लग्न म्हणजे दुसरं लग्न.

घरी नवशी अंगणात सुके बोंबील निवडत होती. "काय लिवलंय?"

"तुझ्या आधीची बायको विचारतात."

तिचे हात थांबले. "कोण ती?"

"कोण नाय. त्यांना वाटतं, होती."

"उगीच कसं वाटंल? तुझी पलटण पार आसामात होती."

"नवशे, मी आताच जीपला लटकून आलोय."

"मी आपली इचारते. सरकार दाखला मागतं म्हंजे कोणतरी असंल."

दाराच्या खांबाला टेकून ऐकणारी पुष्पा हसायला लागली, आणि हसता हसता तिचा श्वास तुटला. छातीला हात लावून ती हळूच खाली बसली. नवशी बोंबील टाकून उठली.

डहाणूत माजी सैनिकांसाठी महिन्यातून एकदा शिबिर भरायचं. टेबलामागे सावे नावाचे निवृत्त सुभेदार असायचे. मनाने वाईट माणूस नव्हता. कागद बघून बघून त्यांना माणसंही कागदासारखी दिसायला लागली होती, इतकंच.

"एकोणऐंशी लिहा," त्यांनी पत्र वाचून सांगितलं. "लग्न मार्च एकोणऐंशी, मुलगी ऐंशीची. प्रतिज्ञापत्र करा, विषय संपला."

"मार्च एकोणऐंशीला मी लडाखला होतो."

"कोण बघतंय?"

"सुट्टीचं रजिस्टर बघतंय, साहेब. खोट्या कागदावर सही केली म्हणून माझ्यासमोर एकाची फीत उतरवलेली. मी नाय करणार."

"मग पोरीला काय सांगणार?"

लहान्याने पत्र घडी करून खिशात घातलं. सुनिलही घरी तेच म्हणाला, "बा, एका आकड्यासाठी अडून बसलायस." लहान्या उठून बाहेर गेला.

पुढच्या शिबिराला त्याने नवशीला सोबत नेलं. ती टेबलासमोर उभी राहिली, खुर्ची दिली तरी बसली नाही.

"पहिली मी," ती म्हणाली. "दुसरी पण मीच. दाखला कोणाचा काढू, सांगा."

सावे हसले, आणि मग त्यांनी खरंच तसं लिहिलं: पहिली पत्नी नवशी, दुसरी पत्नी नवशी, दोन्ही एकच व्यक्ती. खाली ग्रामपंचायतीचं पत्र जोडलं.

मग महिने गेले. लहान्या दर शिबिराला जायचा. "आलं?" "नाही." एकदा साहेबांची बदली म्हणून शिबिर नाही, एकदा हॉलमध्ये कुणाचं तरी लग्न म्हणून नाही. मधेच पत्र आलं की फोटोची साईज चुकलीय. फोटो नवे काढले, तर पत्र आलं की फोटो मिळाले पण अर्जाची प्रत सापडत नाही. ती पुन्हा धाडली. इकडे पुष्पाचं हातपंपावरून हंडा आणणं बंद झालं, मग घरातला केर काढणं. लहान्याने रुपलला विचारलं, "पोरगी आपली आहे हे सांगायला किती कागद लागतात?" रुपल म्हणाली, "काका, सतरा झाले. मी मोजलेत." शेवटी शेवटी ती त्याच्याकडून झेरॉक्सचे पैसे घेईनाशी झाली, त्याचाही त्याला राग आला.

उत्तर दोन हजार अठराच्या नोव्हेंबरात आलं. सावेंनी मुद्दाम फोन करून तिघांना बोलावलं. पुष्पाला जिना चढवेना, ती खाली पायरीवर बसली.

"नाव चढलं," सावे म्हणाले. "पुष्पा, विधवा मुलगी. आता हे ऐका." त्यांनी पत्र पुढे धरून मराठीत सांगितलं. पहिली पत्नी नवशी, अपत्य पुष्पा. दुसरी पत्नी नवशी, विवाह एप्रिल शहाऐंशी, अपत्य सुनिल.

दोन्ही एकच व्यक्ती, हे शब्द वाटेत कुठेतरी गळाले होते.

"म्हंजे ही पोर माझी नाय?" नवशी म्हणाली. "त्या नवशीची?"

"चूक आहे हे," लहान्याचा आवाज अगदी खाली गेला. "दुरुस्त करा, साहेब."

"करतो. फाईल परत जाईल. वर्षभर धरून चाला. तोवर कार्ड नाही."

"आणि आहे तसं घेतलं तर?"

"इथे सही. वरील नोंद खरी व बरोबर आहे. कार्ड तीन आठवड्यांत."

लहान्याने त्या ओळीवर बोट ठेवलं. "मी तेव्हा एकोणऐंशीवर सही केली असती तर?"

"वर्ष वाचलं असतं," सावे म्हणाले. टोमणा नव्हता तो, हिशेब होता.

"कर सही," नवशी म्हणाली. "चार नवश्या लिवल्या तरी कर. मी त्या पोरीला रात्रंदिस बघते, तू शिबिरं बघतोस."

तीन प्रती होत्या. तिसरीवर पेन अडलं. लहान्याने समासात दोन रेघा ओढून ते चालू केलं आणि 'खरी व बरोबर'च्या खाली ल. रा. वरठा अशी सही केली. सावेंनी शिक्के मारले.

खाली पुष्पा कठड्याला धरून उभी राहिली.

"बा, झालं?"

"झालं."

"काय लिवलं माझ्यापुढं?"

"मुलगी," लहान्या म्हणाला, आणि तिच्या हातातली पिशवी आपल्याकडे घेतली.