शेखररावांनी उडी का मारली

जावयाने नर्मदेत उडी मारली तेव्हा माझ्या डोक्यावर टॉवेल होता, म्हणून मी ते पाहिलं नाही. फक्त ऐकलं. नाव एका बाजूला कलली, पाणी अंगावर आलं आणि कानाला चिकटलेला मधमाशांचा आवाज एकदम पातळ झाला. आधी वाटलं, मला ऐकू येणंच बंद झालं. मग कळलं, माशा त्यांच्या मागे गेल्या. मी टॉवेलच्या आतून ओरडले, "शेखरराव!" नावाडी माझ्यावरच ओरडला, "अम्मा, मुँह मत खोलो!" आणि जोर लावून वल्ही मारू लागला. आग्या माशा पाण्याला भीत नाहीत. माणूस खाली गेला की त्या वर घिरट्या घालत थांबतात, डोकं वर आलं की बसतात. हे मला शेखररावांनीच शिकवलं होतं. मलाच काय, टीव्हीवरून साऱ्या देशाला शिकवलं होतं, की माशा मागे लागल्या तर पाण्यात उडी मारायची नाही.

मागून येणाऱ्या नावेने त्यांना बाहेर काढलं. दवाखान्यात नेलं. अंधार पडायच्या आत ते गेले. मी चेहरा पाहिला. त्याबद्दल लिहिणार नाही.

तुम्ही त्यांना टीव्हीवर पाहिलं असेल. खाकी टोपी, गळ्यात दुर्बीण, आणि साप असो की बिबट्या, खालच्या आवाजात तेच एक वाक्य: "हिलिए मत, इनको भी घर जाना है." जबलपुरात रिक्षावाले त्यांना जंगलवाले भैया म्हणत आणि पैसे घेत नसत. मला शेखरराव मामी म्हणत. आमच्या विदर्भाकडच्या घरांत सासूला मामी म्हणायची जुनी रीत आहे, आणि जबलपुरात येऊन दोन पिढ्या झाल्या तरी आम्ही ती सोडली नाही. वर्तमानपत्राच्या पुरवणीत त्यांच्याबद्दल मोठ्या लोकांचं लिहून झालं आहे. जंगलासाठी त्यांनी काय केलं ते त्या लोकांना जास्त कळतं. मी घरातलं लिहिते.

ते माझ्या मुलीला, माधवीला, पाहायला आले तेव्हा आम्ही फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. माझे यजमान तिथे फिटर होते, तोलून मापून बोलणारा माणूस. त्यांनी विचारलं, "काय करता?" शेखरराव म्हणाले, "साप धरतो, अन् जंगलात नेऊन सोडतो." यजमान म्हणाले, "ते झालं सकाळचं. दिवसभर काय करता?" आतल्या खोलीत माधवी इतकी हसली की कपबश्या वाजल्या. मी तिला म्हटलं, हसू नको, असा माणूस घरी टिकत नाही. ती म्हणाली, "टिकणाऱ्याले घेऊन काय करू, आई? बाबा टिकून राहिले, तू खूश आहेस का?" लग्न झालं. मी म्हटलं तेच खरं झालं, ते घरी टिकले नाहीत. दिवाळीला कान्हात, पाडव्याला आसामात. माधवीला बँकेत बढती मिळाली त्या दिवशी ते कुठल्याशा दलदलीत कासवांची अंडी राखत बसले होते. ती फोन ठेवून म्हणाली, "कासवांचं आधी, आई. आपलं मंग." चिडून नाही म्हणाली. म्हणूनच मला जास्त लागलं.

लोकांना वाटतं त्यांना भीतीच नव्हती. खोटं आहे. उडणाऱ्या झुरळाला ते इतके भीत की एकदा माझ्या देखत पलंगावर चढले आणि तिथून म्हणाले, "मामी, मारू नोका, पण त्याला बाहेर काढा." मी चपलेने मारलं. "हिलिए मत," मी म्हटलं, "त्यालाही घरी जायचं होतं." खाली उतरून त्यांनी हात जोडले, बाहेर कोणाला सांगू नका म्हणाले. मी आमच्या जबलपुरातल्याच गोरखपूर भागाच्या बाजारात दोघींना सांगितलं. इंजेक्शनलाही भीत. केसांना कलप लावायचे आणि तो उशीच्या अभ्र्याला लागायचा. एकदा शूटिंग पाहायला मला घेऊन गेले. एकच धामण पोत्यातून तीनदा सोडली, तीनदा धरली, कारण कॅमेऱ्यात टोपीची सावली येत होती. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "शेखरराव, साप थकला. आता तुम्ही पोत्यात जा." सगळे हसले. ते हसले नाहीत. चौथ्यांदा मात्र सोडली नाही आणि त्यानंतर असं शूटिंग कधी केलं नाही, असं माधवी सांगते.

फॅक्टरीच्या वसाहतीत बिबट्या आला तेही मी पाहिलं आहे. मोठ्या नाल्याच्या पुलाखाली बसला होता. लोक काठ्या, सळ्या घेऊन जमले. शेखरराव नाल्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसले, लोकांकडे तोंड करून, बिबट्याकडे पाठ. दिवसभर शिव्या खाल्ल्या. आमच्या शेजारच्या बाई म्हणाल्या, "जनावरासाठी माणसांशी भांडून राहिले, लाज नाही वाटत?" तिन्हीसांजेला गर्दी पांगली आणि बिबट्या निघून गेला. आठवड्याने त्याच बाईंचं वासरू गेलं. तोच बिबट्या होता की दुसरा, कोण सांगणार? शेखरराव त्यांच्या ओट्यावर जाऊन बसले. माफी मागितली नाही. बाई आत-बाहेर करत राहिल्या आणि शेवटी त्यांनी चहा आणून आपटला. मी घरी विचारलं, "तेव्हा भीती वाटली नाही? पाठीमागे बिबट्या होता." ते म्हणाले, "वाटली ना वो. पाय कापून राहिले होते, म्हणून तर खुर्ची घेतली."

हे सगळं मी आता का आठवते, ते पुढे कळेल.

अधिक महिना आला. तीन वर्षांतून एकदा येतो. त्यात जावयाला बोलावून धोंड्याचं जेवण द्यायचं, अनारशांचं वाण द्यायचं. शेखररावांचे आजवरचे सगळे अधिक महिने जंगलात गेले होते. या वेळी मी फोनवर म्हटलं, "वाघ रोजच आहेत, हा महिना रोज नाही." ते आले. सकाळी माधवी पुरणाला लागली आणि मला ते आंघोळीला भेडाघाटाकडे घेऊन गेले. आंघोळ झाल्यावर म्हणाले, चला मामी, नावेतून फिरवून आणतो. नावेत एक नवं जोडपं होतं, सागरकडचं. मुलीच्या हातात अजून हिरवा चुडा होता. तिने त्यांना ओळखलं आणि अर्धा वेळ फोटोतच गेला.

दोन्ही बाजूंनी संगमरवराचे कडे, आणि वर मोहोळं लोंबत होती, काळी, सुपाएवढी. त्यांनी एकदम माझा दंड धरला. "मामी, वर पाहा. मधुबाज."

"घारच तर आहे," मी म्हटलं.

"घार नाही वो. हा मोहोळ फोडून खातो. लोक हे पाहायला महिना महिना मचाणावर बसतात, अन् तुम्ही आंघोळीहून येता येता पाहून राहिल्या!"

मी त्यांचा चेहरा पाहिला. शाळा सुटलेल्या पोरासारखा. तो पक्षी मोहोळावर आदळला, एक तुकडा खाली पडला, आणि वरून काळा धूर निघावा तशा माशा निघाल्या. नंतर लोक म्हणाले कोणी दगड मारला, कोणी उदबत्ती लावली. कोणी काही केलं नव्हतं. पक्षी जेवत होता.

शेखररावांचा आवाज टीव्हीवरचा झाला. "कोई हाथ नहीं चलाएगा. नाव धीरे से निकालो, भैया." मग मला, मराठीत, "मामी, डोळे मिटा. हालू नोका." आणि त्यांचा ओला टॉवेल माझ्या डोक्यावर आला. मग ती मुलगी किंचाळायला लागली. तिच्या केसांत माशा गेल्या असाव्यात, बांगड्या वाजत होत्या. मग मी शेखररावांना "आई ग" म्हणताना ऐकलं. मग उडी.

मला एवढंच माहीत आहे.

बाकीच्यांना पुष्कळ माहीत आहे. सिव्हिल लाइन्समधल्या सभागृहात शोकसभा झाली. एक साहेब म्हणाले, माशा हलणाऱ्याच्या मागे जातात हे त्यांना ठाऊक होतं, त्यांनी जाणूनबुजून माशा स्वतःवर घेतल्या. लोक उभे राहिले. त्या जोडप्याने टीव्हीवर सांगितलं, "वो हमें देखकर मुस्कुराए, फिर कूद गए." मुलीच्या पापण्या सुजून मिटल्या होत्या, तिने हसू कधी पाहिलं? तिला दोष देत नाही. जगलेल्या माणसाला काहीतरी सांगावं लागतं. उलट मोबाइलवर टवाळ पोरं लिहीत होती, "गुरुजी खुद का पाठ भूल गए." एक नातलग बाई मला घरी येऊन म्हणाली, तुम्ही धोंड्याला बोलावलं नसतं तर... मी तिला चहा विचारला नाही. आणि काही लोक म्हणाले, ती मोहोळं जाळून टाकू. माधवी पांढऱ्या चेहऱ्याने दारात आली आणि म्हणाली, "एकाही मोहोळाला हात लागला तर मी पोलिसात जाईन." ते लोक निघून गेले. मला माशांची माया नाही. जळाल्या असत्या तर मला काही वाटलं नसतं.

तेराव्यानंतर नावाडी आला. त्याचे हात अजून सुजलेले होते. मी त्याला सरळ विचारलं, तू डोळे उघडे ठेवून होतास, काय झालं? तो म्हणाला, "अम्मा, झूठ काहे बोलें. भैया डर गए थे. हमने आँख देखी." मग म्हणाला, "पर डरा हुआ आदमी किनारे की तरफ कूदता है. भैया तो उल्टी तरफ कूदे." जाताना चपला घालत तोच म्हणाला, "वैसे डर में दिशा भी किसको सूझती है."

माधवीने मला बरेच दिवस काही विचारलं नाही. एका दुपारी मी डाळ निवडत होते, ती समोर येऊन बसली.

"आई, तू होतीस तिथं. सांग."

"काय सांगू?"

"त्यांनी काहून उडी मारली?"

"लोक सांगून राहिले ना."

"लोकांचं नको सांगू. साऱ्या गावात त्यांचे फोटो लागले आहेत. त्या पोरीसाठी उडी मारली असेल, तर त्या वेळीही मी मागेच. कासवांच्या मागे, बिबट्याच्या मागे, आता त्या पोरीच्या मागे. मग मला जन्मभर राग येईल, आई, अन् तो कोणाला दाखवायचीही सोय नाही. पण घाबरले असतील ना, झुरळाला घाबरत तसे... तर मला रडता येईल."

ती तोवर रडली नव्हती. माझ्या ओठांवर आलं होतं, घाबरले होते गं, नावाड्याने पाहिलं. अर्धं तरी खरं होतं. पण नावाडी अर्ध्यावर थांबला नव्हता. आणि खुर्चीवर बसलेला तो माणूस मी पाहिला होता, पाय कापत असताना न हललेला. घाबरला म्हणजे दुसऱ्यासाठी उडी मारली नाही, असं त्याच्या बाबतीत म्हणता येत नाही. दोन्ही एकाच वेळी असेल. किंवा माशा डोळ्यांत गेल्या असतील आणि काहीच मनात नसेल.

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "टॉवेल एकच होता. तो त्यांनी माझ्या डोक्यावर टाकला. पुढचं मी पाहिलं नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं. "मग तू काहून होतीस तिथं?" ती म्हणाली, आणि उठून गेली.

बरोबर बोलली. ती अजून रडलेली नाही. माझ्याशी बोलते, भाजीत मीठ कमी आहे म्हणते, बँकेत जाते. निघताना दारात चपला उचलते, उलट्या करून उंबऱ्यावर दोनदा आपटते, आत विंचू नाही ना ते पाहते आणि मगच पाय घालते. ही सवय शेखररावांची. आम्ही आता तिसऱ्या मजल्यावर राहतो, इथे विंचू येत नाही. पूर्वी ती त्यांना यावरून चिडवायची. आता तिच्या चपला झाल्या की माझ्याही आपटून ठेवते, न बोलता, आणि जिना उतरते.

मला लोक अजून विचारतात. सगळ्यांना एकच सांगते. नावेत आम्ही पाच जण होतो. नावाडी जगला, ती मुलगी जगली, तिचा नवरा जगला, आणि मी जगले.