काजूच्या डोंगरावरची मोजणी

गोवा घटकराज्य झालं त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात डिचोलीच्या आमच्या काजूच्या डोंगरावर मोजणीवाले आले. जमिनीचं चुंबकत्व मोजत जायचं, आकडा कुठे चढतो ते पाहायचं. चढला तर खाली खनिज असण्याचा संभव. आकडा चढू नये एवढंच आम्हाला हवं होतं. शेजारच्या डोंगरावर खाण उघडली तेव्हा तिथली झर आटली होती, आणि आमचं सगळं कुळागर, म्हणजे माड-पोफळींची बाग, आमच्या डोंगराच्या झरीवर होतं.

यंत्राजवळ लोखंड चालत नाही. मोजणीच्या साहेबाने घड्याळ, पट्टा, किल्ल्या खाली जीपमध्ये ठेवल्या होत्या. घरच्या पुरुषांचे कोयतेही त्याने दूर ठेवायला लावले. पट्ट्याच्या जागी बांधलेली दोरी बघून सासू पुटपुटली, "येवढो सायब, नि कमरेक सुंभ!"

दुपारी आम्ही दोघी पाणी आणि गूळ घेऊन वर गेलो. साहेब यंत्राची काठी धरून उभा होता. मी तांब्या पुढे केला, पण तो आकड्याकडे बघतच राहिला. पुन्हा मोजलं. पुन्हा तेच.

"इथे काहीतरी आहे," तो म्हणाला.

सासू मटकन खाली बसली. कुळागर गेलं तर खायचं काय, हेच माझ्या डोक्यात. मग एकदम आठवलं. मला पाचवा महिना होता, आणि आमच्याकडे पोटुशी बाई भर दुपारी लोखंडाशिवाय बाहेर पडत नाही. माझ्या कमरेला अडकित्ता खोचलेला होता.

मी तो काढायला गेले तशी सासूने माझं मनगट धरलं. आदल्या वर्षी माझं पहिलं मूल पोटातच गेलं होतं.

"काडू नको गो! इसारलंस?"

"आई, डोंगर जाईल."

"जाऊ दी!"

मी तिची बोटं सोडवली, अडकित्ता तिच्याच हातात दिला आणि तिला लांबच्या आंब्यापाशी पाठवलं. ती मागे वळून वळून बघत गेली.

आकडा उतरला.

"काही नाही इथे. वहिनी, आधी सांगायचं ना!"

"तुम्ही विचारलंत?"

संध्याकाळपर्यंत बाकीचा डोंगरही मोजून झाला. कुठेच काही निघालं नाही. घरात सगळे खूश. मी असल्या गोष्टी मानत नाही. तरी पुढचे महिने पोटातली हालचाल जरा थांबली की हातातलं काम टाकून बसायचे. मुलगी जन्मली, रडली, त्यानंतरच पोटभर जेवले.