दार पूर्ण उघडेल असा फेंडर: लातूर ते नांदेड

उन्हाळ्याच्या सुरुवातीला पाण्याचा टँकर आमच्या गल्लीत मागे येताना उभ्या गाडीवर टेकला. टँकरला ओरखडाही आला नाही. आमच्या गाडीचा डावा फेंडर, म्हणजे पुढच्या चाकावरचा पत्रा, चेपून मागे सरकला आणि शेजारचं दार त्याला अडायला लागलं. निम्मं उघडायचं आणि थांबायचं.

मी ड्रायव्हरशी बोलायला गेले तर घागरी घेऊन उभ्या असलेल्या बायकांनी मलाच बाजूला घेतलं. "जाऊ दे की उमाताई, पत्राच हाय. त्याला राग आला अन् उद्या आलाच न्हाई तर?" शेजारच्या काकू म्हणाल्या. यंदा लातूरला रेल्वेने पाणी येतंय आणि गल्लीत टँकरचा वार ठरलेला नाही. मी गप्प बसले. बरोबर केलं की भित्रेपणा केला, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही.

पत्राच असता तर मी तो तसाच ठेवला असता. पण ते दार आईचं होतं. वर्षभरापूर्वी तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी तिला गाडीत बसायची एक पद्धत शिकवली आहे: सीटकडे पाठ करायची, आधी बसायचं, मग दोन्ही पाय एकदम आत घ्यायचे. त्यासाठी पुढचं दार पूर्ण उघडावं लागतं. मागच्या दारातून ते जमत नाही. रिक्षा उंच, एसटी त्याहून उंच. आईची धाकटी बहीण निलंग्याला असते, अंथरुणावर, आणि तिची वाचा गेलेली आहे. म्हणजे फोनचा उपयोग नाही. आई जाऊन तिचा हात हातात घेऊन बसायची, तेवढीच त्या दोघींची भेट. टँकर टेकल्यापासून आई निलंग्याला गेली नव्हती. फक्त संध्याकाळी अंगणात येऊन दार उघडून बघायची आणि परत लावायची.

गॅरेजवाले रियाजभाई म्हणाले, पत्र्याला घडी पडली आहे, ठोकून सरळ होणार नाही, नवीन लागेल. कंपनीचा आणायचा की लोकल, हा प्रश्न तिथे सुरू झाला. जुनी गाडी बाळगणाऱ्या वाचकांना तो ठाऊक असेलच. लातूरमध्ये यंदा त्याला एक वेगळी बाजू आहे. "कंपनीचा पत्रा गुळगुळीत येतो, हलका हात मारून रंग देता येतो," रियाजभाईंनी समजावलं. "लोकलला लाटा असतात. पुट्टी भरा, पाणी मारत पॉलिशपेपरनं घासा, परत भरा, परत घासा. ताई, लोकल फेंडर लई पाणी पितो. माझ्याकडं प्यायला न्हाई, त्याला कुठून पाजू?"

शोरूमवाल्यांनी सांगितलं की इतक्या जुन्या मॉडेलचा भाग मागवावा लागेल. येईल, कदाचित येणार नाही. नांदेडच्या एका दुकानदाराने फोनवर सांगितलं, "दोन्ही आहेत. गाडी घेऊन या."

लातूरजवळच्या मुरुडहून मामा आले. आईचे थोरले भाऊ, एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त. मी एकटी जाणार हे त्यांना मंजूर नव्हतं. मी चालवणार हेही फारसं मंजूर नव्हतं. शुक्रवारी दुपारी ग्रंथालयातून अर्धी रजा घेतली आणि निघालो. मामा निम्म्या उघडलेल्या दारातून अंग चोरत आत शिरले आणि म्हणाले, "लोकलच घ्यायचा हाय, आधीच सांगतो. गाडीचं वय बघ."

"अप्पा नेहमी कंपनीचंच घ्यायचे," मी म्हणाले. अप्पा म्हणजे माझे वडील, आता नाहीत. मोंढ्यात त्यांचं धान्याचं दुकान होतं, आणि पंख्याच्या कपॅसिटरपासून चपलेच्या अंगठ्यापर्यंत लोकल वस्तू त्यांनी घरात येऊ दिली नाही. ही गाडी त्यांनीच घेतली, जुनी पण 'एकही डाग नसलेली'. हे शब्द त्यांचे.

रस्त्याबद्दल: लातूर ते अहमदपूर बरा. पुढे लोह्यापर्यंत काही तुकडे इतके खराब की दुसऱ्या गिअरच्या वर जाता येत नाही. साधारण साडेतीन तास धरून चला. दुपारी निघू नका, आम्ही चूक केली. दोन्ही बाजूंनी जमीन तापलेल्या तव्याच्या रंगाची, आणि मैलोन्मैल एकाही विहिरीवर मोटार चालू नाही. सोबत पाणी घरून घ्या. बाटली विकत मिळते, पण यंदा ती मागायची लाज वाटते.

अहमदपूरला चहासाठी थांबलो. चहा कपात निम्मा, दर पूर्ण. बाजूच्या बाकावर नवीन जिल्ह्याची चर्चा चालली होती. उदगीर जिल्हा होणार, अशी आवई हल्ली दर आठवड्याला उठते.

"उदगीर जिल्हा झाला की लातूरला खेटे घालायचं काम न्हाई," एकजण म्हणाला.

"मंग उदगीरला घालायचं काम हाय की."

"तुला कळंना. हापिस नवीन, सायब नवीन."

"अन् पाणी?"

"ते जुनंच हाय. म्हंजे न्हाईच."

मामा हसले आणि पैसे देताना त्या दोघांना म्हणाले, "मुरुड कुठल्या जिल्ह्यात टाकायलेत, तेवढं कळवा."

नांदेडजवळ विष्णुपुरी बंधाऱ्याच्या अलीकडे गाडी उभी कर म्हणून मामांनीच सांगितलं. गोदावरीचं पात्र निम्म्याहून जास्त उघडं पडलं होतं, पण बंधाऱ्यामागे पाणी होतं. कडेला म्हशी बसल्या होत्या. इंजिनिअरिंगची चार-पाच मुलं वडापाव खात पाण्याकडे पाठ करून बसली होती. मामा बराच वेळ बघत राहिले.

स्टेशनजवळ लॉजवर दोन खोल्या मिळाल्या, परवडणाऱ्या आणि बऱ्यापैकी स्वच्छ. काउंटरवरच्या माणसाने विचारलं, "गुरुद्वाऱ्यात दर्शनाला आलात का?"

"फेंडरला," मामा म्हणाले.

पत्त्यात लातूर वाचल्यावर तो माणूस म्हणाला, "नळ सकाळी चालू असतो. निवांत आंघोळ करा." सहानुभूतीने सांगितलं, पण मला ते टोचलं. मामांना टोचलं नाही. ते सकाळी दोनदा आंघोळ करून आले. मी एकाच बादलीत उरकलं आणि मग वाटलं, हे मी नेमकं कोणासाठी वाचवतेय? नांदेडच्या नळाचं पाणी मी वापरलं नाही म्हणून ते आमच्या गल्लीत पोचणार होतं का? तरी दुसरी बादली भरली नाही.

नाश्त्याला स्टेशनसमोर इडली आणि पातळ, तिखट सांबार. चांगलं होतं. दहाच्या सुमारास दुकान गाठलं. दुकानदार मध्यम वयाचे, अब्दुलभाई. त्यांनी दोन फेंडर फुटपाथवर शेजारी शेजारी उभे केले.

"ये कंपनी, ये लोकल. हात फिरवून बघा, मॅडम."

फरक लगेच कळत होता. कंपनीच्या पत्र्याला जाडी होती, कडा सगळीकडे सारख्या दुमडलेल्या, बोल्टची भोकं गोल. किंमत लोकलच्या अडीचपट. लोकलचा पत्रा पातळ, उन्हात तिरका धरला की लाटा दिसायच्या, आणि भोकं लांबट. मी कंपनीचा घेणार हे माझं ठरलं होतं. फक्त बसवून बघू द्या, म्हटलं.

"कंपनीचा बसवून बघता येत नाही," अब्दुलभाई म्हणाले. "बोल्टचा वळ उठला की माल तुमचा. लोकल हवा तेवढा लावून बघा."

म्हणजे ज्याच्यावर माझा विश्वास होता तो तपासता येत नव्हता, आणि जो तपासता येत होता त्याच्यावर विश्वास नव्हता. मी हे मामांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, "उमे, तू पुस्तकं लई वाचती."

समोरच्या फिटरने चेपलेला फेंडर काढला. तो निघाल्यावर अब्दुलभाई खाली वाकले, आतल्या पत्र्यावर बोट फिरवलं आणि विचारलं, "गाडी आधी ठोकलेली आहे, माहीत आहे ना?"

आत वेल्डिंगची जुनी रेघ होती. आतला पत्रा कधीतरी ओढून सरळ केलेला.

"नाही. वडिलांनी घेतली तेव्हा एकही डाग नव्हता."

"दाजींना माहीत होतं," मामा म्हणाले. "मी होतो की सोबत. म्हणून तर स्वस्तात सुटली."

मी त्यांच्याकडे वळले. "मग घरी तसं का सांगितलं?"

"तुझ्या आईला पयल्यांदा गाडीत बसवायचं होतं. ठोकलेली म्हणलं असतं तर बसली असती का ती?"

मला राग यायला हवा होता का, हे कळेना. अब्दुलभाईंना त्यात रस नव्हता. त्यांनी सरळ सांगितलं: कंपनीचा फेंडर कंपनीच्या मापाच्या गाडीला बसतो. ही गाडी आता त्या मापाची नाही. गोल भोकं जुळली नाहीत तर कानस मारून लांबट करावी लागतील. लोकलची भोकं मुळातच लांबट, पुढे-मागे सरकवायला जागा देतात. "आणि तरी मी कंपनीचा विकायला तयार आहे. मला त्यात जास्त सुटतात," ते म्हणाले.

फिटरने लोकल लावला. बोनेटशी फट एका टोकाला बोटभर राहिली, दिव्याजवळची कड थोडी वर आली. मग त्याने मागच्या बाजूला दोन वायसर, म्हणजे पत्र्याच्या चकत्या, घातले, फेंडर पुढे ओढून बोल्ट कसले आणि दार उघडलं. मी घरून एक सुतळी आणली होती. आई खुर्चीत बसून पाय फिरवते त्याला किती जागा लागते, ते मोजून तिला गाठ मारलेली. दारापासून सीटच्या कडेपर्यंत धरली. गाठीच्या पुढेही जागा उरली.

तरी मी लगेच हो म्हटलं नाही. तास-दीड तास घेतला. जवळच्या खानावळीत भाकरी आणि शेवभाजी मागवली, मामा दोन माणसांचं जेवले. मी त्यांना म्हटलं, "लोकलला पाणी लागेल."

"न्हाई लावायचं पाणी. घासायचंच न्हाई. लाटा दिसतील, दिसू दे. तुझी आई काय लाटांत बसणार हाय?"

नांदेडमध्येच रंग करून घेण्याची सोय होती. फिटरच्या ओळखीचा पेंटर सोमवारपर्यंत देतो म्हणाला, घासायला पाणीही होतं. मी तेही टाळलं. त्यात पाण्याचा विचार किती होता आणि सोमवारी रजा मिळणार नव्हती हा विचार किती होता, हे मला वेगळं करता येत नाही. काळ्या प्रायमरचा फेंडर लावून पांढरी गाडी आम्ही परत आणली. लोह्याच्या खड्ड्यांत दिव्याजवळची कड थरथरत होती. मामा रस्ताभर दार उघडून-लावून दाखवायची संधी शोधत होते. टोलवर, चहाला, एकदा नुसत्या झाडाखाली.

रियाजभाईंनी रविवारी कोरड्या पेपरने दोन हात मारले आणि वर पांढरा रंग फवारला. जुन्या गाडीच्या लोकांसाठी एवढं सांगते की नुसत्या प्रायमरवर ठेवू नका, गंज धरतो. रंग जुळला नाही. आमचा पांढरा पंधरा वर्षं उन्हात पिवळसर झालेला, हा पिठासारखा. लाटा दिसत होत्या.

संध्याकाळी आई बाहेर आली. मी दार उघडून बाजूला झाले. मामा हात द्यायला पुढे झाले तर तिने त्यांना बाजूला सारलं. पाठ केली, बसली, दोन्ही पाय एकदम आत घेतले आणि दार स्वतः ओढून लावलं. मग आतूनच म्हणाली, "मला शाल आणून दे. आत्ता निघालं तर उजेडात पोचू."

निलंग्याला मावशीच्या खाटेशी ती तास-दोन तास बसली. काय झालं ते मी लिहिणार नाही, मी बाहेरच्या खोलीत होते.

या गोष्टीला आता काही आठवडे झालेत. कंपनीचा घ्यायला हवा होता का, असं लोक विचारतात. गाडी विकायची असती, किंवा तिचा सांगाडा शाबूत असता, तर मी बहुधा तोच घेतला असता. तुम्ही घ्याल तेव्हा आधी जुना पत्रा काढून आत बघा, आणि त्या भागाने नेमकं काय करायला हवं ते ठरवा. मला ते ठरवायला नांदेडपर्यंत जावं लागलं. अप्पांबद्दल मी आईला काही विचारलेलं नाही. विचारावं असं कधी वाटतं, कधी नाही.

रंगाचा फरक मात्र चार दिवसांत गेला. लातूरमध्ये सध्या कोणी गाडी धूत नाही, आणि धूळ दोन्ही पांढऱ्यांवर सारखीच बसते. आई उतरताना फेंडरवर हात टेकते. पातळ पत्रा तिच्या तळव्याखाली टक् करून आत जातो, ती हात उचलते की टक् करून वर येतो. धुळीत तिच्या पंजाचा ठसा राहतो. तिथे हात टेकू नको, पत्रा पातळ आहे, असं मी पहिल्या दिवशी सांगणार होते. नंतर राहून गेलं.